नकाशातली इमारत, मीटरमधली इमारत

बडोद्यात फ्लॅट बघायला गेलेला माणूस बिल्डरला बरंच काही विचारतो. कार्पेट किती, पार्किंग कुठे, मेंटेनन्स किती, पझेशन कधी. गाडी घेताना ‘ॲव्हरेज काय देते?’ हे आपल्या तोंडून आपोआप निघतं. दहा वर्षं वापरायच्या गाडीला जे विचारतो ते पन्नास वर्षं राहायच्या घराला मात्र कुणी विचारत नाही. हे घर वर्षाकाठी चौरस मीटरमागे किती युनिट खाईल? मे महिन्यात वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री किती वाजता निवेल? सोसायटीचं पाणी कोणत्या उंचीवरून, किती पंपांनी चढवलं जाईल? या प्रश्नांची उत्तरं बांधकामाआधी काढता येतात आणि बांधकामानंतर ताडूनही पाहता येतात. त्याची रीत ठरलेली आहे, मोजमापं ठरलेली आहेत, काही बाबतींत कायदाही आहे. या पुस्तकाचा विषय ती रीत आहे. नेमकं काय मोजायचं आणि ते कधी मोजायचं, यावर आपल्याकडे फारच कमी बोललं गेलं आहे, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबणार आहे.

इमारतीचं मूल्यमापन म्हणताना दोन कामं एकत्र येतात. पहिलं ऊर्जेचं. दिवे, पंखे, एसी, लिफ्ट, पंप सगळे मिळून इमारत वर्षभरात जेवढी वीज वापरते तिला बांधीव क्षेत्रफळाने भागायचं. येणाऱ्या आकड्याला या व्यवसायात सगळे ईपीआय म्हणतात. दोन हजार चौरस मीटरचं ऑफिस वर्षाला तीन लाख युनिट वापरत असेल तर त्याचा ईपीआय 150. दुसरं काम अधिक पसरलेलं आहे: जागा कशी निवडली, पावसाचं पाणी कुठे मुरतं, सांडपाण्याचं काय होतं, साहित्य किती लांबून आलं, आतली हवा कशी आहे. या प्रत्येकाला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि इमारतीला श्रेणी द्यायची. अमेरिकेतून आलेली ‘लीड’, 2001 साली स्थापन झालेल्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलच्या श्रेणी, आणि ‘टेरी’ने केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाबरोबर उभी केलेली ‘गृह’ ही पद्धत, अशी तीन नावं आपल्याकडे प्रामुख्याने ऐकू येतात.

बडोद्याला हा विषय परका नाही. भारतातली पहिली प्लॅटिनम, म्हणजे लीडच्या सर्वोच्च श्रेणीची, इमारत बडोद्याच्या आर्किटेक्टने रेखाटलेली आहे, ही गोष्ट शहरातल्याच पुष्कळांना ठाऊक नसते. हैदराबादचं सीआयआय–सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर करण ग्रोव्हर यांनी आखलं. 14 जुलै 2004 रोजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. लीडच्या त्या वेळच्या 69 गुणांपैकी 56 गुण या इमारतीला मिळाले. अमेरिकेबाहेर प्लॅटिनम श्रेणी मिळवणारी ती पहिली इमारत होती.

वीस हजार चौरस फुटांची ती इमारत मधल्या गोल चौकाभोवती बसवली आहे. खोल्यांना चौकाकडून उजेड मिळतो, त्यामुळे दिवसा दिवे फारसे लावावे लागत नाहीत. बाहेरच्या बाजूला जाळ्या आहेत. त्यातून उजेड येतो, ऊन गाळलं जातं. छतावर माती आणि हिरवळ आहे. आणि दोन वाऱ्याचे मनोरे आहेत. मनोऱ्याच्या माथ्यावर वारा पकडायचा, वरून पाणी झिरपवून ओल्या ठेवलेल्या पोकळ भिंतींमधून तो खाली उतरवायचा, आणि अशी थोडी गार झालेली हवा वातानुकूलन यंत्रणेला द्यायची. यंत्राला चाळीस अंशांची हवा गार करण्याऐवजी आधीच उतरलेल्या तापमानाची हवा मिळते, तेवढी वीज वाचते. यात यंत्र नाकारलेलं नाही. यंत्राकडे जाण्याआधी जेवढं काम भिंत, सावली आणि पाणी यांच्याकडून करून घेता येईल तेवढं घेतलं आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणांत हाच क्रम पाळला आहे.

ज्या वर्षी ही इमारत खुली झाली त्याच वर्षी, 2004 मध्ये, बडोद्यापासून तासाभराच्या अंतरावरचं चांपानेर–पावागढ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. त्यासाठी अनेक वर्षं चिकाटीने झटणाऱ्यांत हेच ग्रोव्हर आघाडीवर होते. चांपानेरची तळी, कुंड आणि विहिरी बघत फिरलेल्या माणसाला पाणी आणि सावली यांच्या जोरावर वसलेलं शहर म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नसावं. मला या दोन घटना एकाच वर्षी घडणं फार अर्थपूर्ण वाटतं.

मराठी वाचकाला या शहराची आणखी एक ओळख आहे. ‘किमया’ लिहिणारे माधव आचवल इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठात वास्तुकला शिकवत होते. इमारतीत शिरल्यावर उजेड, उंची आणि अवकाश यांचं आपल्याला काय होतं, हे त्यांनी मराठीत लिहून ठेवलं. आपल्या भाषेत वास्तूबद्दल संवेदनशीलतेने बोलण्याची परंपरा आहे. वास्तूबद्दल आकड्यांत बोलण्याची परंपरा मात्र आपण घडवली नाही. ती उणीव भरून काढण्याची इच्छा या पुस्तकामागे आहे.

आकड्यांची बाजूही या शहरात भक्कम आहे. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं ते हाताने करण्याचं शास्त्र शिकवायला. 1974 मध्ये वीज उपकरणं बनवणाऱ्या उद्योगांनी मकरपुऱ्यात एर्डा ही संशोधन आणि चाचणी संस्था उभी केली. ट्रान्सफॉर्मर, केबल, मोटारी तपासण्याबरोबर ऊर्जा लेखापरीक्षणही तिथे होतं. गुजरात ऊर्जा विकास एजन्सी, म्हणजे गेडा, 1979 ची. तिचं कार्यालयही पुष्कळ वर्षं सयाजीगंजात होतं. राज्याच्या वीज कंपन्यांचा कारभार रेसकोर्सवरच्या विद्युत भवनातून चालतो. मोजणारी माणसं, मोजण्याची साधनं आणि मोजल्या जाणाऱ्या विजेचे हिशेब एकाच शहरात आहेत. असं असताना इथल्या बहुतेक इमारतींचा ईपीआय कुणालाच माहीत नसावा, याचं मला वाईट वाटतं.

आता प्रत्यक्ष मापाकडे येऊ. बडोदा 22.3 अक्षांशावर आहे. 21 जूनला दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो, किंचित उत्तरेकडे कललेला. डिसेंबरात तोच दुपारी दक्षिणेला 44 अंशांवर असतो. दक्षिणेच्या भिंतीत चार फूट उंचीची खिडकी आहे आणि तिच्यावर दोन फुटांचा छज्जा आहे असं धरा. मार्चअखेर भर दुपारी या छज्ज्याची सावली पावणेपाच फुटांच्याही खाली उतरते, म्हणजे सगळी खिडकी झाकली जाते. डिसेंबरात तीच सावली दोन फुटांवर थांबते आणि खालच्या अर्ध्या खिडकीतून ऊन घरात येतं. हवं तेव्हा ऊन, नको तेव्हा सावली, तीही एका पैशाची वीज न वापरता.

तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर लावला तर? मेच्या मध्यावर संध्याकाळी पाच वाजता सूर्य 28 अंशांच्या आसपास असतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली जेमतेम फूटभर पडते, उरलेली तीन फूट काच थेट उन्हात. इथे छज्ज्याचा उपयोग नाही, उभ्या पट्ट्या, जाळी किंवा बाहेरून बांबूचे पडदे लागतात. पण शहराच्या नव्या भागात फिरताना चारही दिशांना सारखेच छज्जे, सारख्याच खिडक्या दिसतात. नकाशावर एकच फ्लॅट चार वेळा फिरवून छापलेला असतो. मूल्यमापनाची पहिली फेरी इथे, पेन्सिल कागदावर असतानाच व्हायला हवी, कारण या टप्प्यावर खिडकी सरकवायला काहीही खर्च येत नाही.

भिंतींचं तसंच आहे. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असला तर प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीच्या एका चौरस मीटरमधून साधारण दोन वॅट उष्णता आत येते. आठ इंची एएसी ब्लॉकच्या भिंतीतून एक वॅटहूनही कमी. मायवान शटरिंगने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत, ओतलेल्या सहा इंची काँक्रीटच्या भिंतीतून तीन वॅटहून जास्त. मायवानने काम झपाट्याने उरकतं, भिंत सरळ येते, प्लास्टर वाचतं. बिल्डरच्या बाजूने ते सगळं खरं आहे. राहणाऱ्याच्या बाजूने ती भिंत दुपारभर तापते आणि रात्री आत उष्णता सोडते. 2018 च्या डिसेंबरात केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने इको निवास संहिता आणली ती याच प्रश्नासाठी. छत सोडून बाकीच्या बाह्य भिंती नि खिडक्यांतून सरासरी चौरस मीटरला 15 वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, असं ती सांगते. खिडक्यांचा किती भाग उघडता यावा यालाही तिने किमान मर्यादा घातली आहे. ही दुसरी अट मला अधिक मोलाची वाटते. आजच्या सरकत्या खिडक्यांत अर्धी काच कायमच बंद राहते, आणि बडोद्यात संध्याकाळनंतर सुटणारा वारा बाहेरच अडतो.

कायद्याची वाट थोडक्यात सांगतो, कारण ती पुस्तकात सविस्तर येते. 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा, 2007 ची व्यावसायिक इमारतींसाठीची संहिता, तिची 2017 ची सुधारित आवृत्ती, आणि 2022 ची कायदादुरुस्ती, जिने निवासी इमारतींनाही या चौकटीत आणलं. व्यावसायिक संहिता 100 किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या इमारतींना धरून लिहिलेली आहे. राज्यं ती आपापल्या हवामानाप्रमाणे बदलून लागू करू शकतात. शेवटी अंमलबजावणी येते ती महापालिकेच्या बांधकाम परवानगीच्या टेबलावर, आणि तिथे नकाशा तपासला जातो.

नकाशाच तपासला जातो, ही माझी मुख्य तक्रार आहे. प्रमाणपत्राचे बहुतेक गुण नकाशा, साहित्याच्या पावत्या आणि कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनवर मिळतात. सिम्युलेशनमध्ये एसी 24 अंशांवर असतो, ऑफिस सहाला सुटतं, पडदे वेळच्या वेळी उघडतात. प्रत्यक्षात एसी 20 वर जातो, ऑफिसात रात्री नऊपर्यंत माणसं असतात, आणि घरमालक ताबा मिळाल्यावर महिन्याभरात बाल्कनीला काच लावून ती खोलीत घेतो. सावली देणारी बाल्कनी गेली की पश्चिमेची भिंत उघडी पडते. अमेरिकेत न्यू बिल्डिंग्ज इन्स्टिट्यूटने 2008 मध्ये लीड मिळालेल्या 121 इमारतींचा प्रत्यक्ष ऊर्जावापर तपासला. सरासरी देशातल्या इतर इमारतींपेक्षा चांगली निघाली, पण एकेका इमारतीचा अंदाज आणि वापर यांत प्रचंड तफावत होती. काही इमारती अंदाजापेक्षा कितीतरी चांगल्या चालत होत्या, काही कितीतरी वाईट. प्रमाणपत्र दोघींकडे होतं.

म्हणून इमारतीचं खरं मूल्यमापन लोक राहायला आल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षाने सुरू होतं असं मी मानतो. उन्हाळा, पावसाळा, दिवाळी, थंडी असं एक वर्ष जाऊ द्यावं. मग बिलं काढावीत. बडोद्यात घरगुती लाइट बिल दोन महिन्यांचं येतं, म्हणजे वर्षाची सहा बिलं. त्यांतली युनिट मिळवा, घराच्या चौरस मीटरने भागा. हजार चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर; सहा बिलं मिळून 3,600 युनिट झाली तर घराचा आकडा 39 च्या आसपास. एकट्या आकड्याला अर्थ नाही. त्याच जिन्यातल्या, त्याच मापाच्या वरच्या आणि खालच्या घराचा आकडा शेजारी ठेवला की तो बोलू लागतो. वरच्या मजल्याचा आकडा बराच जास्त आला तर तो छताचा दोष; इको निवास संहितेने छतासाठी घातलेल्या मर्यादेच्या तिप्पट उष्णता उघड्या स्लॅबमधून येते. पश्चिमेच्या घरांचा आकडा जास्त आला तर खिडक्यांचा. सगळ्यांचाच सारखा जास्त आला तर पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांचं सामाईक मीटर बघावं.

आकड्याचे सापळेही ओळखायला हवेत. अर्ध्या रिकाम्या इमारतीचा ईपीआय उत्तम येतो. चोवीस तास चालणारं रुग्णालय आणि आठ तास चालणारी बँक एका तराजूत घालता येत नाहीत. ऊर्जा दक्षता ब्यूरोने 2009 मध्ये ऑफिसांसाठी तारांकन सुरू केलं तेव्हा हवामानाचे पट्टे आणि वातानुकूलित भागाचं प्रमाण यांप्रमाणे वेगळ्या मर्यादा ठेवल्या, ते याचसाठी. आणि छतावर सौर पॅनेल बसवले की बिल शून्यावर येतं, पण इमारतीची भूक तेवढीच राहते. 2015 च्या जानेवारीत बान की-मून बडोद्याजवळ आले ते नर्मदेच्या वडोदरा शाखा कालव्यावर उभारलेला 10 मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू करायला. कालव्यावर अंथरलेले पॅनेल सुंदर दिसतात, वीजही देतात, जमीनही वाचवतात. सौर वीज मला हवीच आहे. माझं म्हणणं इतकंच की आधी गरज कमी करावी, मग पॅनेल मोजावेत. देशातल्या ग्रीडच्या एका युनिटमागे अजून सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. न लागलेलं युनिट त्या हिशेबात येतच नाही, आणि त्याचा फोटोही निघत नाही.

ऊर्जेपलीकडच्या बाबींत बडोद्याला पाण्याविषयी विशेष विचार करावा लागतो. 1892 च्या सुमारास पुरं झालेलं आजवा सरोवर शहराच्या पूर्वेला उंचावर आहे. तिथलं पाणी उताराने शहरात आणण्याची सयाजीरावांच्या काळातली योजना होती. मही नदीवरच्या विहिरींचं पाणी पंपांनी ढकलावं लागतं, आणि मग प्रत्येक सोसायटी ते पुन्हा टाकीत चढवते. नळाला येणाऱ्या पाण्यात वीज मिसळलेली असते. बारा मजली इमारतीच्या मूल्यमापनात हा भाग मोठा असतो आणि बहुधा सुटतो.

याच पाण्याची दुसरी बाजू म्हणजे विश्वामित्री नदी. 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडालं. 2024 च्या ऑगस्टमध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी 26 फुटांची. मगरी वस्तीत आल्याच्या बातम्या देशभर झळकल्या, पण तळघरात बुडालेले पंप, जनरेटर, वीजमीटर आणि लिफ्टची यंत्रं यांची बातमी झाली नाही. माझ्या मते बडोद्यातल्या इमारतीची श्रेणी ठरवताना पहिला प्रश्न हाच असावा: ती नदीच्या आणि तिच्या ओढ्यांच्या पुराच्या जागेत उभी आहे का? असेल तर बाकी कितीही गुण मिळाले तरी तिला टिकाऊ म्हणू नये. गुणांची बेरीज करणाऱ्या पद्धतींत हा धोका असतो की सायकल स्टँडचा एक गुण आणि जागेचा एक गुण सारखेच दिसतात.

साहित्याबद्दल एक अवघड गोष्ट सांगायची आहे. वीज वाचवणारी नवी इमारत बांधायलाही सिमेंट, पोलाद, विटा लागतात, आणि त्यांच्या भट्ट्यांतून निघालेला कार्बन इमारतीत पहिला माणूस शिरण्याआधीच हवेत गेलेला असतो. एक टन सिमेंटमागे पाऊण टनाच्या आसपास. तीस-पस्तीस वर्षांची मजबूत इमारत रिडेव्हलपमेंटसाठी पाडताना हा हिशेब कुणी मांडत नाही. पाडण्याआधीच्या मूल्यमापनाला या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, ते याच कारणाने. 1907 साली सुरू झालेल्या अलेंबिकच्या जुन्या कारखान्याच्या इमारती आज कलाकारांच्या स्टुडिओंसाठी आणि प्रदर्शनांसाठी वापरल्या जातात. उंच छत, जाड भिंती, वरून येणारा उजेड आयता मिळाला. त्या पाडून हिरव्या श्रेणीचं संकुल उभारलं असतं तर प्रमाणपत्र मिळालं असतं, आणि कार्बन वाढला असता.

जुन्याचा गौरव मात्र तपासूनच करावा. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात उन्हाळ्यात शिरलं की बरं वाटतं, सयाजीरावांच्या काळातल्या सार्वजनिक इमारतींच्या व्हरांड्यांतही वाटतं. पण पोळांमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधल्या, पुष्कळ घरांत दिवसाही दिवा लावावा लागतो आणि पावसाळ्यात भिंती ओल धरतात. बडोद्याचा उन्हाळा कोरडा, पावसाळा दमट. जी भिंत मेमध्ये साथ देते ती ऑगस्टमध्ये देईलच असं नाही. थर्मामीटर आणि आर्द्रतामापक घेऊन वर्षभर नोंदी ठेवल्या तरच जुन्या घरातलं काय उचलायचं ते कळेल. हे काम वास्तुकलेचे विद्यार्थी करू शकतात, आणि बडोद्यात ते करायला घरंही आहेत, विद्यार्थीही.

पुस्तकाची रचना घराच्या रचनेप्रमाणे ठेवली आहे: आधी छत, मग पश्चिमेची भिंत, खिडक्या, पंखे आणि एसी, पाणी, जागा, साहित्य, पाडण्याआधीचं मूल्यमापन, आणि शेवटी कायदे व श्रेणी. छत पहिलं, कारण बसक्या शहरात सगळ्यात जास्त ऊन त्यावर पडतं आणि सगळ्यात स्वस्त उपायही तिथेच आहे. पांढऱ्या चायना मोझॅकची लादी गुजरातच्या गच्च्यांवर वर्षानुवर्षं चालत आली आहे. ती ऊन परत फेकते, पाऊस सहन करते आणि कारागीर गल्लीत मिळतो. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी तिच्या खालच्या खोलीचं तापमान घरच्या घरी कसं नोंदवायचं याचा तक्ता दिला आहे. वाचकाने वर्षाची सहा बिलं, फूटपट्टी आणि एक साधा थर्मामीटर जवळ घेऊन वाचायला बसावं.